अटकेची नोंद : कोणी पाहावी, कशासाठी पाहावी?



इस्लामने माणसाची अब्रू त्याच्या प्राणाइतकी आणि मालमत्तेइतकीच पवित्र मानली आहे. अखेरच्या हजच्या प्रवचनात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या तिन्हींचा उल्लेख एकत्रच केला आणि मक्का नगरी व हजचा महिना जितका आदरणीय, तितक्याच या गोष्टी परस्परांसाठी आदरणीय असल्याचे बजावले. दुसऱ्याच्या प्राणावर हात टाकण्याच्या कल्पनेने आपला थरकाप होतो. दुसऱ्याच्या पैशाला हात लावताना, निदान लोकलाजेस्तव, आपण थबकतो. अब्रूच्या बाबतीत मात्र आपला हात सैल असतो. "अमक्याच्या मुलाला पोलिसांनी उचलले म्हणे," हे वाक्य एका घरातून दुसऱ्या घरात जाताना कोणालाच जड वाटत नाही.

पूर्वी असे बोलणे केवळ ऐकीव असे. आता त्याला कागदाचा आधार मिळू लागला आहे. राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर दाखल गुन्ह्यांचे पहिले खबरी अहवाल आणि अटक आरोपींची नावे पाहता येतात. न्यायालयांच्या ई-कोर्ट सेवेवर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो. अशा वेळी एक प्रश्न प्रत्येक मुस्लिम कुटुंबापुढे उभा राहतो. एखाद्याच्या अटकेची नोंद शोधणे आपल्यासाठी योग्य आहे काय?

"कायद्याने ती खुली आहे, मग पाहिली तर काय बिघडले?" हे एक उत्तर. "हे सरळसरळ तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याची छिद्रे शोधणे आहे, म्हणून निषिद्ध," हे दुसरे उत्तर. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर देणारा हेतूचा विचार करीत नाही. दुसरे उत्तर देणाऱ्याला ही नोंद मुळात कोणाच्या भल्यासाठी खुली झाली, हे ठाऊक नसते. म्हणून आधी तेच समजून घेऊ.

नोंद खुली का झाली?

रायगड जिल्ह्यातील न्हावा आणि शेवा या दोन गावांच्या नावाने ओळखले जाणारे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. देशातील कंटेनर वाहतुकीचे ते एक प्रमुख केंद्र आहे. रात्रंदिवस ट्रेलरच्या रांगा, कंटेनर साठवणुकीची आवारे, गोदामे आणि सीमाशुल्काची कार्यालये यांनी हा सारा परिसर गजबजलेला असतो. येथे काम करणारे सगळेच स्थानिक नाहीत. चालक, क्लीनर, हमाल, मुकादम, दलालांच्या कचेऱ्यांतील कारकून असे कितीतरी लोक कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले आहेत. समजा, यांपैकी एका चालकाला रात्री अटक झाली. त्याचा मोबाइल जप्त झाला. ट्रेलरचा मालक हात झटकून मोकळा झाला. गावी असलेल्या त्याच्या आईला हे कोण सांगणार? चार दिवस फोन लागत नाही म्हणून ती माउली इस्पितळात विचारील की अपघाताच्या बातम्या चाळील?

अटकेची नोंद जाहीर असावी हा आग्रह अशाच घरांसाठी धरला गेला. याची एक महत्त्वाची पायरी महाराष्ट्रातच घडली. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांच्या दुःस्थितीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. १९८३ च्या निकालात न्यायालयाने आदेश दिला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, तसेच आपल्या अटकेची खबर कोणत्या नातलगाला वा मित्राला द्यावी, हे अटक झालेल्या व्यक्तीला विचारून त्याला कळवावे. पुढे १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतील मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना पत्र पाठवले. त्यातून १८ डिसेंबर १९९६ चा प्रसिद्ध निकाल आला आणि अटकेसंबंधी अकरा बंधने पोलिसांवर घातली गेली. अटकेचा पंचनामा करावा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, नातलगाला कळवावे. नातलग जिल्ह्याबाहेर राहत असेल तर आठ ते बारा तासांत त्याच्यापर्यंत खबर पोहोचवावी. अटकेची माहिती बारा तासांच्या आत नियंत्रण कक्षाला देऊन तेथील फलकावर ठळकपणे लावावी.

हीच तत्त्वे नंतर फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कायम राहिली. या संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप ठळकपणे, डिजिटल माध्यमातूनही, प्रदर्शित करायचे असते. कलम ४८ नुसार अटकेची आणि कोठे ठेवले आहे त्या जागेची माहिती नातलगाला वा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पहिला खबरी अहवाल साधारणपणे चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी सांगितले. लैंगिक अत्याचार, बालकांवरील गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली.

या साऱ्या आदेशांमागचा हेतू एकच आहे. कोणीही माणूस अंधारात गडप होऊ नये. ही नोंद खुली झाली ती कोठडीतील दुर्बलाला आधार मिळावा म्हणून. शेजाऱ्यांना चर्चेचा विषय मिळावा म्हणून ती खुली झालेली नाही.

प्रेषितांच्या मशिदीतील एक प्रश्न

हे तत्त्व आपल्याला परके नाही. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक घटना आली आहे. प्रेषित (स.) खुतबा देत असताना एक माणूस उभा राहिला आणि आपल्या शेजाऱ्यांना कोणत्या कारणाने पकडून ठेवले आहे, असे त्याने भर सभेत विचारले. प्रेषितांनी दोनदा त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्याने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा त्याच्या शेजाऱ्यांना सोडून देण्याचा आदेश झाला. काही विद्वानांनी याचा असा अर्थ लावला आहे की, ज्याने त्यांना पकडले होते त्याने उठून कारण सांगावे म्हणून प्रेषितांनी वाव दिला. कारण पुढे आले नाही, तेव्हा कैद टिकली नाही.

वाचकहो, या घटनेतील प्रश्न कोण विचारतो याकडे लक्ष द्या. शेजारी विचारतो. तो मशिदीत, सर्वांसमक्ष, सत्तेला उद्देशून विचारतो. प्रेषित (स.) त्याला "तुला काय करायचे आहे?" असे म्हणत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याच्या अटकेची चौकशी करणे ही नसती उठाठेव ठरत नाही, ते शेजारधर्माचे पालन ठरते. हजरत उमर (रजि.) यांनीही विश्वसनीय साक्षीदारांवाचून इस्लाममध्ये कोणाला कैद केले जाणार नाही, अशी ग्वाही दिल्याचे इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामध्ये नोंदले आहे.

पुढे फिकहच्या ग्रंथांत याची रीतसर व्यवस्था आली. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्या शाफई मसलकाचे आहेत, त्यातील इमाम नववी (रह.) यांचा 'मिन्हाज' हा पायाभूत ग्रंथ सांगतो की, नव्या काजीने सर्वप्रथम कैदेत असलेल्यांची प्रकरणे तपासावीत. एखादा कैदी आपल्याला अन्यायाने डांबले आहे असे म्हणत असेल, तर पुरावा देण्याचा भार त्याच्या प्रतिपक्षावर राहतो. हनफी परंपरेतील इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी खलीफा हारून रशीद यांच्यासाठी लिहिलेल्या 'किताबुल खराज'मध्ये कैद्यांच्या नावांची यादी सज्जन माणसाकडे सोपवावी आणि त्या यादीप्रमाणे नाव घेऊन प्रत्येकाला निर्वाहाची रक्कम हातात द्यावी, असा सल्ला दिला. कारण मधल्या लोकांकडून कैद्याचे अन्न लुबाडले जाण्याची भीती होती. कैद्यांची नोंदवही कशासाठी असते, याचे याहून स्वच्छ उत्तर कोणते? त्याला जेवण मिळावे, त्याची बाजू ऐकली जावी आणि निरपराध असेल तर तो सुटावा, यासाठी. कैद्याला अन्न देणाऱ्यांची प्रशंसा पवित्र कुरआनच्या सूरह दहरमध्ये आली आहे, हेही येथे आठवावे.

न्हावा शेवा येथे शोध कसा घ्यावा?

म्हणून आपल्या ओळखीतील कोणी अचानक बेपत्ता झाला आणि अटकेची शंका असेल, तर नोंद शोधणे हे कर्तव्य समजावे. मार्ग माहीत असावा.

उरण तालुका महसुलाच्या दृष्टीने रायगड जिल्ह्यात असला, तरी न्हावा शेवा पोलीस ठाणे नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येते. पुष्कळ लोक येथेच चुकतात. संकेतस्थळावर रायगड निवडतात, नाव सापडत नाही आणि घाबरतात. शोध नवी मुंबईखाली घ्यावा. संकेतस्थळावर नाव नसले म्हणजे अटक नाही, असेही समजू नये. नोंद चढायला वेळ लागतो, नावाचे स्पेलिंग बदलते, काही प्रकरणे मुद्दाम प्रसिद्ध केली जात नाहीत. ठाण्यात प्रत्यक्ष जाऊन ठाणे अंमलदाराला विचारणे आणि नियंत्रण कक्षाकडे चौकशी करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. माहिती विचारणे हा उपकार मागणे नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे.

बंदराच्या परिसरात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तस्करीच्या वा करचुकवेगिरीच्या प्रकरणात अटक करणारे नेहमी पोलीसच असतात असे नाही. सीमाशुल्क अधिकारी आणि महसूल गुप्तचर संचालनालय यांनाही सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०४ खाली अटकेचा अधिकार आहे. अशी अटक पोलिसांच्या यादीत दिसेलच, असे गृहीत धरू नये. तेव्हा चौकशी त्या त्या कार्यालयाकडेही करावी लागते. अटकेच्या वेळी पाळायची संरक्षणे या अधिकाऱ्यांनाही लागू आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी स्पष्ट केले आहे.

अटक कोणीही केलेली असो, प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्या व्यक्तीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. संविधानाच्या अनुच्छेद २२ ची ती हमी आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी न्यायालयात चौकशी केल्यास पत्ता लागतो. न्यायालयीन कोठडी मिळालेल्यांसाठी या भागात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. कोठडीत असलेली व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार मोफत वकील मिळण्यास पात्र असते. त्यासाठी १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. प्रत्येक जमातीच्या कार्यालयात आणि मशिदीच्या सूचनाफलकावर हा क्रमांक लिहिलेला असावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तीच नोंद, दुसरा हेतू

आता दुसरी बाजू पाहू. तेच संकेतस्थळ, तीच यादी. पण पाहणारा आपल्या नातलगाला शोधत नाही. त्याला केवळ उत्सुकता आहे. मोहल्ल्यात कोणावर काय "केस" आहे, जमातीच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या माणसाची जुनी भानगड सापडते काय, भाऊबंदकीच्या वादात प्रतिपक्षाला गप्प करायला काही हाती लागते काय, असा त्याचा शोध आहे. सापडलेल्या पानाचे छायाचित्र तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकतो आणि खाली लिहितो, "सरकारी माहिती आहे, मी माझे काही सांगत नाही."

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई लागोपाठ आली आहे. आधी वाईट ग्रह, मग छिद्रान्वेषण, मग पाठीमागे निंदा. या क्रमात मनुष्यस्वभावाचे अचूक निदान आहे. मनात किंतु येतो, त्याला पुरावा हवा असतो म्हणून शोध सुरू होतो आणि सापडलेले पोटात ठेववत नाही म्हणून जीभ सुटते. पहिल्या पायरीवर थांबला तोच वाचला. निंदेला तेथे मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. मृत माणूस उत्तर देऊ शकत नाही, तसाच कोठडीतला माणूसही व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आपली बाजू मांडू शकत नाही.

"पण हे खरेच आहे ना?" असे कोणी म्हणेल. प्रेषितांच्या शिकवणीत या प्रश्नाचे उत्तर आधीच दिले आहे. पाठीमागे सांगितलेली, ऐकल्यास त्या माणसाला दुखावणारी गोष्ट खरी असेल तर ती गीबत. खोटी असेल तर बुहतान, म्हणजे तोहमत, आणि ते त्याहून मोठे पाप. खरेपणा ही गीबत करण्याची परवानगी नव्हे. शिवाय येथे खरे काय, तर "अटक झाली" एवढेच. "त्याने गुन्हा केला" हे अजून कोणालाच ठाऊक नसते.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. रात्रीच्या गस्तीत एका घरातून संशयास्पद आवाज आले. ते भिंतीवरून आत उतरले आणि त्या माणसाला मद्यासह पकडले. त्याने उत्तर दिले की, माझ्याकडून एक पाप झाले असेल, पण तुमच्याकडून तीन झाली. तुम्ही छिद्र शोधले, दाराने न येता भिंतीवरून आलात आणि परवानगी व सलाम यांवाचून घरात शिरलात. खलीफांनी ते मान्य केले आणि त्याला सोडून दिले. ज्यांच्यावर राज्याच्या सुरक्षेची जबाबदारी होती त्यांनाही ही मर्यादा लागू झाली, तर ज्याच्यावर कसलीच जबाबदारी नाही त्याला ती किती अधिक लागू व्हावी!

हा रोग केवळ आपल्या समाजाचा नव्हे. अमेरिकेत अनेक ठिकाणी तुरुंगात दाखल होणाऱ्यांची नावे आणि छायाचित्रे सार्वजनिक असतात. गुप्त अटक होऊ नये हाच तेथेही युक्तिवाद होता. पण पुढे ही छायाचित्रे गोळा करून प्रसिद्ध करणारे आणि ती काढून टाकण्यासाठी पैसे उकळणारे धंदे उभे राहिले. अखेर अनेक राज्यांना त्याविरुद्ध कायदे करावे लागले. संरक्षणासाठी उघडलेले दार हेतू बिघडताच लुटीचे दार कसे होते, याचे हे उदाहरण.

अटक म्हणजे अपराध नव्हे

नोंद वाचायचीच झाली तर ती कशी वाचावी, हेही शिकले पाहिजे. अटक म्हणजे केवळ संशय. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांचे म्हणणे. खटला चालवण्याइतकाही आधार नाही असे दिसले तर न्यायालय आरोपीला दोषमुक्त करते. खटला चालून गुन्हा शाबीत झाला नाही तर निर्दोष मुक्तता होते. शाबीत झाला तरच दोषसिद्धी. या पाच शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण चर्चेत ते सारे "आत होता" या दोन शब्दांत बुडून जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जण खटला पूर्ण न झालेले कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अद्याप कोणत्याही न्यायालयाने ठरवलेला नव्हता.

मालेगावचे उदाहरण आपल्या वाचकांना नवे नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी, तेथे बॉम्बस्फोट झाले आणि निरपराध नमाजी प्राणाला मुकले. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. त्यांपैकी सात जण २०११ मध्ये जामिनावर बाहेर आले. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले. तोवर त्यांच्यातील एक जण हे जग सोडून गेला होता. अटकेची बातमी पहिल्या पानावर आली होती. त्यानंतरच्या दहा वर्षांत या घरांच्या मुलींची स्थळे मोडताना, मुलांना शाळेत टोमणे बसताना, दुकानावर गिऱ्हाईक कमी होताना जे समाजाने केले, ते कोणत्याही न्यायालयाने ठोठावलेले नव्हते. ती शिक्षा आपण दिली.

सूरह यूसुफमध्ये याच दुःखाची कथा आहे. हजरत यूसुफ (अ.) यांच्या निरपराधपणाच्या खुणा दिसल्यावरही त्यांना कैदेत टाकले गेले. वर्षांनी राजाचे बोलावणे आले, तुरुंगाचे दार उघडले, तरी ते लगेच बाहेर पडले नाहीत. ज्या स्त्रियांमुळे हे प्रकरण घडले त्यांची आधी चौकशी व्हावी, असा निरोप त्यांनी पाठवला. चौकशी झाली, सत्य भर दरबारात कबूल झाले, मगच ते बाहेर आले. सुटका आणि निर्दोषत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अल्लाहच्या एका प्रेषिताने तुरुंगात बसून शिकवले. सुटलेल्या माणसाच्या मागे त्याची जुनी नोंद चालत येते. ती पुसण्याचे काम समाजाने करायचे असते. अटकेची बातमी ज्या गटात टाकली, त्याच गटात निर्दोष मुक्ततेची बातमी टाकणे हे न्यायाचे किमान पाऊल आहे.

सोयरीक, नोकरी आणि भागीदारी

मग काय, कधीच पाहू नये? तसे नाही. मुलीसाठी स्थळ आले आहे, गोदामाची चावी ज्याच्या हाती द्यायची तो नोकर नवा आहे, आयुष्याची पुंजी घालून भागीदारी करायची आहे. अशा वेळी चौकशी करणे शहाणपणाचे आहे. हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांना निकाहाची मागणी आली तेव्हा त्यांनी प्रेषितांचा सल्ला घेतला आणि प्रेषितांनी मागणी घालणाऱ्या दोघांच्याही उणिवा त्यांना स्पष्ट सांगितल्या. इमाम नववी (रह.) यांनी ज्या सहा प्रसंगी दुसऱ्याविषयी बोलण्याची मुभा सांगितली आहे, त्यांत सोयरीक व व्यवहारासाठी दिलेला सल्ला येतो. पण ही मुभा गरजेपुरतीच आहे. तिच्या काही मर्यादा आम्ही येथे मांडतो.

पहिली मर्यादा, आधी त्याला विचारा. त्याच्या पाठीमागे शोध घेण्यापूर्वी त्याच्याशी समोरासमोर बोला. नोकरीसाठी तर पोलिसांकडून मिळणाऱ्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राचा सरळ मार्ग आहे. त्यासाठी तो स्वतः अर्ज करतो, त्याच्या नकळत काही घडत नाही.

दुसरी, शेवटपर्यंत वाचा. पहिला खबरी अहवाल पाहून थांबू नका. खटल्याचे पुढे काय झाले ते पाहा. अर्धी वाचलेली नोंद ही अर्धसत्यच.

तिसरी, माणूस तोच आहे याची खात्री करा. आपल्यात मोहम्मद, अब्दुल, शेख, खान या नावांची किती माणसे आहेत! नावाच्या साम्यावरून एखाद्याचे स्थळ मोडले, तर त्या तोहमतीचा जाब आखिरतमध्ये कोण देणार? खबर आणणाऱ्याची खातरजमा करा, अजाणतेपणी कोणाचे नुकसान करून पस्तावू नका, हा सूरह हुजुरातच्याच सहाव्या आयतीतील आदेश आहे.

चौथी, कळलेले तेथेच ठेवा. स्थळ नाकारायचे तर नाकारा, कारणाची दवंडी पिटू नका.

पाचवी, अल्पवयीनांच्या बाबतीत शोधच करू नका. कायद्याशी संघर्ष झालेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा, २०१५ ने मनाई केली आहे. त्याला नवी सुरुवात मिळावी, हे त्या कायद्याचे तत्त्वच आहे.

आपला असो वा परका

येथे एक इशारा आवश्यक आहे. अटक झालेल्याच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे गुन्ह्याच्या पाठीशी उभे राहणे नव्हे. सूरह निसाच्या १०५ ते ११२ या आयतींच्या संदर्भात भाष्यकारांनी एक घटना दिली आहे. मदीनेत एका मुस्लिम म्हणवणाऱ्याने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर घातला. चोराचे गोतावळे त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले. तेव्हा ईशवाणी अवतरली ती त्या निरपराध यहुदी माणसाच्या बाजूने, आणि अप्रामाणिकांचा कैवार घेऊ नये अशी ताकीद मिळाली. म्हणून आपल्याला मोजमाप एकच ठेवावे लागेल. अटक झालेला आपल्या जमातीचा असेल तर "गोवले असेल" आणि दुसऱ्या धर्माचा असेल तर "केलेच असणार", असे दोन तराजू ईमानदार माणसाजवळ असू शकत नाहीत. गुन्ह्याने ज्याचे नुकसान झाले त्याचे अश्रूही खरे असतात. त्याला न्याय मिळावा यासाठीच तर खरा गुन्हेगार सापडणे आवश्यक आहे.

आणि गुन्हा शाबीत झाला तर? शिक्षा भोगून आलेल्या माणसाचे काय? मद्यपानाची शिक्षा झालेल्या एका माणसाला काही लोक शिव्याशाप देऊ लागले, तेव्हा आपल्या भावाविरुद्ध सैतानाला साहाय्य करू नका, असे सांगून प्रेषितांनी त्यांना रोखले. ही घटना बुखारीत आहे. शिक्षा न्यायालय ठरवते आणि ती एका दिवशी संपते. समाजाने दिलेली शिक्षा संपतच नसेल, तर सुधारून परत येण्याची वाट आपणच बंद करतो. तळोजाहून सुटून आलेला तरुण जुम्माच्या नमाजला आला आणि सफ त्याच्यापासून दोन हात सरकली, तर तो पुढच्या जुम्माला कोणाकडे जाईल?

आपलीही एक वही आहे

शेवटी एका नोंदवहीची आठवण. आपल्या प्रत्येक शब्दाची व कृतीची नोंद सन्माननीय लेखक-फरिश्ते करीत आहेत. सूरह कहफमध्ये वर्णन आहे की, ती वही समोर ठेवली जाईल तेव्हा लहानमोठे काहीच तिच्यातून सुटलेले नसेल आणि अपराधी भयभीत होतील. विचार करा, ती वही आज एखाद्या संकेतस्थळावर नावाने शोधता आली असती, तर आपल्यापैकी कोणाला मोहल्ल्यात मान वर करून चालता आले असते?

अल्लाहने ती झाकून ठेवली आहे. एका हदीसनुसार कयामतच्या दिवशी तो श्रद्धावंताला जवळ घेईल, इतरांच्या नजरेआड करून त्याच्या चुका त्याला आठवून देईल आणि जगात या मी झाकल्या होत्या, आज त्या मी माफ करतो, असे सांगेल. जो दुसऱ्याचा दोष झाकतो त्याचे दोष अल्लाह झाकतो, हे आश्वासनही प्रेषितांनी दिले आहे. आपल्या हातात असलेल्या मोबाइलवर उद्या एखादे नाव टाकण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मी या माणसाच्या मदतीला जाण्यासाठी शोधतो आहे, की त्याला उघडे पाडण्यासाठी? पहिले उत्तर असेल तर विलंब करू नका, ठाण्यात जा, वकील गाठा, त्याच्या घरी धान्य पोहोचवा. दुसरे असेल तर हात आवरा.

अल्लाह आपल्या जिभेला आणि नजरेला संयम देवो, निरपराधांची सुटका करो, अन्याय झालेल्यांना न्याय मिळवून देवो आणि इहलोकी व परलोकी आपल्या सर्वांच्या उणिवांवर आपल्या कृपेचे पांघरूण घालो. आमीन.